भातावरचं औषध

आमच्या दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहून माणसं जे बोलतात, त्यातलं काहीही मी आता पहिल्या झटक्यात खरं मानत नाही. ‘औषध वेळेवर दिलं’, ‘पथ्य अगदी कडक पाळलं’, ‘बाटली हातातून निसटली हो’ ही किरकोळ उदाहरणं झाली. सगळ्यांत कमी भरवशाचं वाक्य म्हणजे, ‘आमच्या म्हातारीला एकच औषध चालू आहे.’ ऐंशीच्या पुढच्या माणसाला खरोखर एकच औषध चालू आहे, असं घर मी ठाण्यात अजून पाहिलेलं नाही.

मी कंपाउंडर आहे. ठाणे स्टेशनपासून जवळच आमच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे आणि त्यातल्या लाकडी आडोशामागे मी बसते. आडोशाला एक चौकोनी खिडकी आहे. तिच्यातून बाटली आत येते आणि भरून बाहेर जाते. बहुतेक पेशंटांनी माझा चेहरा पाहिलेला नाही, फक्त हात पाहिलाय. मला ते सोयीचं वाटतं. शाळा माझी इंग्रजी, नन्सची. चिठ्ठीवरची अक्षरं मला भराभर लागत, पण खिडकीपलीकडून कुणी मोठ्यानं हाक मारली की मराठीत उत्तर जुळवता जुळवता माणूस निघून जायचा. इंटरनंतर पुढे डॉक्टरीला जाणं जमलं नाही, तेव्हा कंपाउंडरची परीक्षा दिली. या कामाला बाई आली हे कळल्यावर पहिले काही महिने लोक बाटली घेऊन उजेडात जात, हलवून बघत आणि मग आत डॉक्टरांना विचारून येत, ‘बाईनं बरोबर भरलंय ना?’ तेव्हा संशय काय तो मीच सुरू केला, असं नाही. मी तो त्यांच्याकडूनच घेतला.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे रंगीत पाणी भरणं वाटतं. पेशंट घरून रिकामी बाटली आणतो, डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मी मापानं द्रव्यं घालते, पाणी घालते, चव झाकायला पेपरमिंट किंवा वेलदोड्याचा अर्क, आणि वर थोडा रंग. मग कागदाची पट्टी कातरून तिला खाचा पाडायच्या आणि बाटलीला चिकटवायची. एका खाचेपर्यंत एक डोस. रंग नसेल तर लोक म्हणतात, पाणी दिलं. खरी गोम पुढे आहे. औषध संपलं की घरातलं कुणीतरी तीच बाटली घेऊन येतं आणि म्हणतं, ‘तेच द्या.’ आणि आम्ही तेच देतो. ज्याच्या पोटात ते जातं, तो माणूस महिनोन्महिने डॉक्टरांच्या नजरेला पडत नाही. फार म्हातारी माणसं तर नाहीच पडत. त्यांना कोण उचलून आणणार? त्यांच्या वतीनं बाटलीच येते.

म्हणून मी येणारी बाटली आधी वासावर घ्यायला लागले. बूच काढून हुंगलं की बरंच कळतं. नौपाड्यातले एक निवृत्त हेडक्लार्क आमचं औषध वैद्यांच्या आसवात मिसळून घेत, ‘दोन्ही जायची पोटातच ना’ या हिशेबानं. डोंबिवलीच्या दोन वृद्ध बहिणी एकमेकींना भेटायला येताना फराळासारखी औषधं आणत. ‘मला हे चांगलं लागू पडलं, तूही घेऊन बघ.’ एकीला बद्धकोष्ठता होती, दुसरीला हगवण. दोघी अजून धडधाकट आहेत, त्याचं श्रेय मी औषधांना देत नाही.

पण मी सांगणार आहे ते कोपरीच्या बयचं.

कोपरी म्हणजे रुळांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. तिथल्या एका जुन्या आगरी घरातून एक तरुण मुलगी गुलाबी औषधाची बाटली घेऊन यायची. पार्वती तिचं नाव, घरी पारू. तिच्या आजेसासूला झोप येत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी कधीकाळी तिला ब्रोमाइडचं मिक्स्चर लिहून दिलं होतं. डोकं शांत करणारं, जुनं, सगळ्या दवाखान्यांत चालणारं औषध. आजेसासूला सगळे बय म्हणत. पारू फारसं बोलायची नाही. बाटली ठेवायची, ‘तेच’ म्हणायची आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायची. मला ती आवडायची, कारण आम्ही दोघी एकमेकींना त्रास देत नव्हतो.

मग दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. एक म्हणजे बाटली लवकर लवकर संपायला लागली होती. आणि दुसरी, बाटलीच्या गळ्याशी भाताचं शीत चिकटलेलं असायचं. एकदा असतं तर मी धुऊन टाकलं असतं. पण पुढच्या खेपेलाही तेच.

‘औषध कसं देता त्यांना?’ मी विचारलं.

‘देतंय की,’ पारू म्हणाली.

‘जेवणातून देता का?’

तिनं खिडकीतून माझ्या हाताकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला. ‘नाय,’ एवढंच म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही. जेवणात मिसळून दिलेलं औषध हे मला चोरून दिलेलं औषध वाटतं. मी डॉक्टरांना शीत दाखवलं. गर्दी होती. ते म्हणाले, ‘म्हातारी घेत नसेल, म्हणून देत असतील कालवून. पोटात गेल्याशी कारण.’

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक जाडजूड बाई खिडकीशी आली. नऊवारी घट्ट नेसलेली, हातात केळीच्या पानाचं पुडकं.

‘कंपाउंडर कुठाय?’

‘मीच.’

तिनं वाकून खिडकीतून आत बघितलं. ‘तू? बरं जालं, बाई हायस. पुरुषाला सांगताना जीभ अरकली असती. मी ठमाबाई. कल्यानला दिली मना. कोपरीच्या बयची मी लेक.’ आणि पुडकं आत सरकवलं. ‘यान काय घातलंय ता तपास.’

पुडक्यात भात आणि त्यावर पिवळसर कालवण होतं. मी हात मागे घेतला. डॉक्टर उठून बाहेर आले आणि ठमाबाई सगळं सांगायला लागल्या, पायरीवर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. बय आता कुणाला ओळखत नाही. चालताना झोकांड्या खाते. जीभ जड झालीय. तोंडावर, छातीवर फोड आलेत. आणि रोज ओरडते, ही मला मारतेय, ही माझ्या जेवणात काहीतरी घालतेय.

‘ही म्हणजे कोण?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘ती पारू. माझे भावाची सून. भावाची बायको गेली तवापासून चूल तिचेच हातान. सगल्यांचं जेवान एका टोपान, आन बयचं वेगलं, लहान टोपान. झाकून ठेवतंय. कोनाला हात लावू देत नाय, चव घेऊ देत नाय. बयला सुका बोंबील म्हंजे जीव का प्रान. माघाचे जत्रंपासून एक तुकडा नाय दिलान तिला. इचारलं तं बोलते, बय नको बोलते. कोन नको बोलंल, डॉक्टर? आगऱ्याची म्हातारी बोंबील नको बोलंल?’

डॉक्टरांनी पुडकं बांधून त्यांच्याकडे परत सरकवलं.

‘पोर नाय होत तिला,’ ठमाबाई आवाज खाली करून म्हणाल्या. ‘बयनं नातवाचं दुसरं लगीन काढलं असंल, तिला कललं असंल. रविवारी गावकी बसवतोय माझा भाऊ. तिचे बापाला बोलावलंय मुरबाडवरनं. घेऊन जाईल पोरीला. आन यान काय निघालं तर पोलीस.’

‘इथं तपासायची सोय नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘मुंबईला पाठवावं लागतं.’

‘मग पोलिसाकडंच देते.’

‘थांबा. उद्या दुपारी मी येतो. बयला बघतो. तोवर हे पुडकं कुठंही नेऊ नका.’ ठमाबाई गेल्यावर ते माझ्याकडे वळले. ‘तू चल बरोबर. बायकांचा मामला आहे. आणि ते तुझं शीतही बघू.’

मी रात्रभर त्या शितांचा विचार केला, असं लिहिलं तर शोभेल. पण खरं म्हणजे मी पारूचा विचार केला आणि मला ती पायरीवर बसलेली मुलगी आवडेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना मिटल्यावर आम्ही रूळ ओलांडून गेलो. ऊन इतकं होतं की मिठागरांकडे पाहवत नव्हतं. वाफ्यांच्या कडेनं मिठाचे पांढरे ढीग ओळीनं उभे होते. बयच्या घराच्या तर दाराशीच एक ढीग होता, शेजारी कोंबड्या. एके काळी या घरातले सगळे त्या वाफ्यांत पायानं चिखल तुडवत. आता वाफे भाड्यानं दिलेले आणि घरावर नवी कौलं होती.

बय ओटीवर चटईवर बसली होती, पाठ भिंतीला घट्ट लावून, मागून कुणी येऊ नये म्हणून. लहानशी, वाळलेली, कपाळावर आणि गालांवर लालसर पुटकुळ्या. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. डॉक्टरांना बघून म्हणाली, ‘ह्यो कोन?’

‘डॉक्टर हायत, बय,’ तिचा मुलगा बाळाराम म्हणाला. साठीचा, रुंद खांद्यांचा, मिशीवाला माणूस.

‘खोटा हाय. डॉक्टर गोरा हाय.’ मग माझ्याकडे बोट. ‘आन ही? आनखी एक आनली?’ शब्द तिच्या तोंडात विरघळल्यासारखे येत होते.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली, हात पुढे करायला सांगितले. हात थरथरत होते. पारू दाराच्या चौकटीत उभी होती. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि तरीही सगळे फक्त तिच्यावरच लक्ष ठेवून होते.

‘औषधं कोणती चालू आहेत?’

‘एकच,’ बाळाराम म्हणाला. ‘तुमचंच. लाल.’

‘घरात जेवढी आहेत तेवढी सगळी आणा. झाडपाल्याचीसुद्धा.’

बाळारामनं कोनाड्यातून आमची गुलाबी बाटली आणली. डॉक्टरांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. हे त्यांना चांगलं जमतं. शेवटी ठमाबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि एक तपकिरी बाटली काढली. ‘आमचे कल्यानचे डॉक्टरचं हाय. डोकीचं. मी येतंय तवा माझे हातान पाजतंय. आन नसले तं जनाला देऊन जातंय. त्या पारूवर कोन भरवसा ठेवंल?’

जना म्हणजे नातू, पारूचा नवरा. तो आंबिवलीला गिरणीत होता. त्यानं बापाकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि अंथरुणांच्या वळकटीमागे हात घालून तिसरी बाटली बाहेर काढली. पाण्यासारखं पांढरं औषध. ‘आमचेकडं आंबिवलीला एक डॉक्टर हाय. बयचे हात थरथरतात सांगितलं, तवा त्यानं दिलं. मी सकाली कामावर जाताना देतंय. पारूला ठाव नाय.’

‘ठाव हाय,’ पारू दारातून म्हणाली. तिचा हा पहिला शब्द.

‘गप तू,’ ठमाबाई म्हणाल्या.

चौथी बाटली बयच्या उशाखालून मीच ओढून काढली. तीही आमची, मागच्या खेपेची, अर्धी. बयनं माझ्या मनगटाला नख लावलं. वैद्याची मात्रा आणि कसलीशी जडीबुटी वेगळीच.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी एकेक बूच काढलं. एकीला पेपरमिंटचा वास, दुसरीला लवंगेचा, तिसरीला कसलाच नाही. मग प्रत्येकीतला थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला. वर चव निराळी, पण खाली, जिभेच्या मागच्या बाजूला, तेच तुरट-खारट. मला सगळ्यांसमोर मोठ्यानं मराठीत सांगायचं धैर्य झालं नाही; मी हळूच इंग्रजीत सांगितलं, तिन्ही रंगांत ब्रोमाइडच आहे.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांनी झोपेसाठी दिलं. त्यानं चक्कर आली, म्हणून कल्याणच्यांनी दिलं. त्यानं हात थरथरले, म्हणून आंबिवलीच्यानं दिलं. प्रत्येक डॉक्टरला सांगितलं गेलं, म्हातारीला दुसरं काही चालू नाही. आणि प्रत्येक हातानं मायेनंच दिलं होतं, बाकीच्या हातांपासून लपवून, कारण बाकीच्या हातांवर विश्वास नव्हता.

‘तरीसुद्धा,’ ते मला पुटपुटले, ‘एवढं चढायला नको होतं. मूत्रावाटे निघून जातं ते. कुठंतरी अडतंय.’ आणि बाळाराम आणि जनाला घेऊन ते अंगणात गेले, कोण केव्हा किती देतं ते विचारायला.

बयच्या जेवणाची वेळ झाली होती. पारूनं ताट आणलं, पुढे ठेवलं आणि चार पावलं मागे सरकली. बयनं वास घेतला आणि ताट ढकललं. ‘इख घातलंन.’

‘बगा,’ ठमाबाई मला म्हणाल्या.

मी बघत होते. बयनं इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी ठेवलेली अर्धी गुलाबी बाटली झटकन उचलली, बूच दातांनी काढलं आणि औषध भातावर ओतलं. खाचांचा हिशेब नाही, काही नाही. आमटीसारखं. बोटांनी कालवलं, आणि जी बाई विष म्हणून ताट ढकलत होती, ती भराभर जेवायला लागली. एक शीत बाटलीच्या गळ्याला चिकटलं.

‘हे असं रोज करतात?’

ठमाबाई पुढे वाकून बघत राहिल्या. त्यांनी हे पाहिलं नव्हतं. बायका पुरुषांच्या मागून आत जेवायच्या, आणि बय एकटी ओटीवर. पाहिलं असेल ते फक्त पारूनं.

मी सहसा परक्या घरात पाणीही मागत नाही. पण त्या दिवशी मी उठून सरळ चुलीपाशी गेले, लहान टोपावरचं झाकण काढलं आणि कालवणात बोट बुडवलं. पारूनं ‘नको, बाय’ म्हणेपर्यंत ते बोट माझ्या तोंडात होतं. चिंच होती, मिरची होती, हळद होती. मीठ नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडला. त्यातही नव्हतं. दारात कमरेएवढा मिठाचा ढीग असलेल्या घरात!

‘किती दिवस झाले मीठ न घालता?’

पारू चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली.

‘पारू, कुणी सांगितलं असं करायला?’

‘ता मना इचारू नको, बाय.’

‘रविवारी तुला घालवून देतायत. ठाऊक आहे ना?’

‘ठाव हाय.’

मी डॉक्टरांना हाक मारली. आत्तापर्यंतच्या आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी बोलल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी स्वतः कालवण चाखलं आणि त्यांचा चेहराच पालटला. त्यांनी सगळ्यांना ओटीवर बसवलं आणि सोपं करून सांगितलं. हे औषध आणि मीठ अंगात एकाच बाकावर बसतात. अंगात मीठ नेहमीसारखं असलं तर ते या औषधाला उठवून बाहेर काढतं. मीठ बंद झालं की औषध ठाण मांडून बसतं. मग माणसाचा तोल जातो, भास होतात, अंगावर फोड येतात आणि सगळ्यांत आधी घरच्या माणसांचा संशय येतो. ‘विषच आहे म्हणा,’ ते म्हणाले. ‘पण ते तिच्या टोपातलं नाही. माझ्या बाटलीतलं आहे. आणि तुमच्या. आणि तुमच्या.’

‘आमचे घरान मीठ नाय?’ बाळाराम म्हणाला. ‘डॉक्टर, आमचे चार पिढ्या मिठावर जगल्यात.’

‘घरात आहे. आईच्या ताटात नाही.’

सगळे पारूकडे वळले. ठमाबाई उठून उभ्या राहिल्या. ‘बोलली नव्हते मी? म्हातारीचं मीठ तोरलंन! मीठ! दुष्मनाचं पन कोन तोरत नाय!’

‘बोल की,’ जना बायकोला म्हणाला. ‘का तोरलंस? बोल.’

पारूनं ओठ घट्ट मिटले होते. तिचा बाप रविवारी येणार होता, पोलिसांचं नाव निघालं होतं, नवरा समोर उभा राहून विचारत होता, आणि ती मिठाच्या ढिगाकडे बघत होती. माझ्या मनातला संशय त्या क्षणाला आणखी वाढला, हे मी लपवत नाही. निर्दोष माणूस एवढा गप्प राहतो, हे मला माहीत नव्हतं.

बोलली ती बय. ताट चाटूनपुसून झालं होतं. ‘तिला कनाला इचारतंस?’ ती जड जिभेनं म्हणाली. ‘मीठ मी सोरलंय. देवीला बोललंय.’

‘काय बोललंस, बय?’ ठमाबाईंनी विचारलं.

‘जत्रंला बोललंय. माझे पारूची कूस उजव, तवर तुझी लेक मीठ खानार नाय. सांगाचं नसते ता. सांगितला तं फलत नाय. फकस्त पारूला ठाव. माझं जेवान तीच रांदते ना.’

जना बायकोसमोरून बाजूला झाला.

‘मग ही कोन, बय?’ ठमाबाईंनी पारूकडे बोट केलं. त्यांचा आवाज आता निराळा होता.

बयनं मान वर करून पारूकडे लांबून, नीट, संशयानं पाहिलं. ‘ही? ही जनानं कुठून तरी दुसरी आनलीय. दिसाला तशीच हाय. पन माझी पारू नाय. माझे पारूला यांनी हाकलली.’

पारूनं लहान टोपावर पुन्हा झाकण ठेवलं आणि आत गेली. ठमाबाईंनी पिशवीतून ते केळीच्या पानाचं पुडकं काढलं आणि अंगणात लांब फेकलं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. पण तपकिरी बाटलीही त्यांनी अंगणात, मिठाच्या ढिगाशेजारी उपडी केली. गावकीचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

प्रश्न राहिला मिठाचा. ते पोटात जायलाच हवं होतं, तेही भरपूर. पण बय नवस मोडायला तयार नव्हती; शुद्धीत असती तरी झाली नसती. जेवणात घातलं तर तिला चवीनं कळणार, आणि मग विषाचा संशय पक्काच. वाटेत रूळ ओलांडताना डॉक्टर म्हणाले, ‘तिला औषध खारटच आवडतं ना? अळणी जेवणात तेवढीच एक चव होती तिला. आणि औषधाला ती मीठ समजत नाही. मग औषधच देऊ.’

त्या संध्याकाळी मी माझ्या नोकरीतलं सगळ्यांत साधं मिक्स्चर केलं. मीठ, पाणी, थोडा पेपरमिंट, आणि नेहमीचा गुलाबी रंग. पट्टी कातरून खाचा पाडल्या. पारू न्यायला आली. या वेळी ती पायरीवर गेली नाही, खिडकीशीच उभी राहिली.

‘यान काय हाय?’

मी तिला खरं सांगितलं. तिनं बाटली उजेडात धरून हलवली.

‘देवीला फसवल्यासारखं होतंय.’

‘औषध आहे ते.’

‘तुमचे खिडकीन औषध. देवीचे दारान मीठच.’ तिनं बाटली पदराखाली घेतली. ‘बय सगल्यांपुढं बोलली ता शुद्धीत नव्हती, त्याचा देवी राग नाय धरनार. पन हे आपन जानून करतोय. बयचा नवस मी उचलते. आजपासून मी मीठ नाय खानार. तू कोनाला बोलू नको, बाय. सांगितला तं फलत नाय.’

मला हे सगळं पटत होतं असं नाही. शाळेत असलं ऐकलं असतं तर मी हसले असते. पण तिला ब्रोमाइड चालू नाही, एवढं मी खोदून खोदून विचारून घेतलं आणि मग मान हलवली.

बयच्या अंगातलं औषध उतरत गेलं, तशी ती सावकाश बरी व्हायला लागली. आधी फोड वाळले, मग जीभ सुटी झाली. पुढचं मला कळलं ते जनाकडून. तो एकदा बाटली न्यायला आला तेव्हा आपणहून सांगू लागला, खिडकीकडे न बघता. सकाळी पारू ताट घेऊन गेली तर बय तिचा हात धरून म्हणाली, ‘कुठं गेलतीस गं एवढे दीस?’

‘मग काय म्हणाली ती?’

‘बोलली, म्हायेरला गेलते.’ जनानं बाटली उचलली. ‘आमी कोनी काय बोललो नाय.’

आपण पारूवर काय काय आळ घेतले होते, ते बयला आजतागायत माहीत नाही. घरानं एकमेकांपासून लपवायची सवय सोडली नाही. फक्त लपवायची गोष्ट बदलली. डॉक्टरांनी मात्र एक नियम केला. म्हाताऱ्या माणसासाठी कुणी ‘तेच द्या’ म्हणालं की मी बाटली भरायची नाही. घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायच्या, मग बोलायचं. लोक चिडतात. म्हणतात, कंपाउंडरबाईला जगाचा संशय. मी खिडकीतून हात पुढे करते आणि थांबते. शेवटी पिशवी येते, आणि ‘एकच’ म्हणालेल्या घरातून कधी कधी दुकान भरेल एवढी औषधं निघतात.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी बय स्वतः आली. रूळ ओलांडून, काठी टेकत, चालत. आवाज ऐकूनच मी ओळखलं. गुलाबी बाटली आत सरकली. ती अजून सुरूच होती. नवस फिटला नव्हता आणि अळणी भातावर ते घातल्याशिवाय तिला घास उतरत नव्हता.

‘तुझं औषध लय गुनाचं,’ बय म्हणाली. ‘आधीचे परीस बेस लागतंय.’

‘बरं, आजी.’

‘आन आयक.’ तिनं आवाज उतरवला. ‘माझे पारूकडं जरा बग. मागं उभी हाय, पन तिला नको कलू देऊ. वाललीय पोर. मी तिचे ताटान बोट घातलं परवा. मीठ नाय. इचारलं तं बोलते, इसरली. रोज कोन इसरते? माझेपासून कायतरी लपवतंय. तुझेकडून तिला काय औषध चाललंय काय? खरं सांग.’

खिडकीतून मला पारूचा फक्त हात दिसत होता, छत्रीच्या मुठीवर. तो हलला नाही. पण ती ऐकत होती.

‘विशेष काही नाही,’ मी म्हणाले. ‘अशक्तपणाचं. एकच औषध चालू आहे तिला.’

बय वाकली. हनुवटी खिडकीच्या फळीवर टेकेल इतकी वाकली, आणि आत, थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं. आता तिचे डोळे स्वच्छ होते.

‘हात बरा हाय तुझा, बाय,’ ती म्हणाली, ‘पन तोंडावर खोटं दिसतंय.’ आणि भरलेली बाटली घेऊन, पारूचा हात धरून, ती पायऱ्या उतरली.